प्रतिसाद: खेड्यातली हॉटेलं कशानं बदलली?

वर बऱ्याच जणांनी लिहिलंय की मोबाइलवरून घरपोच मागवायच्या सोयीनं हॉटेलधंदा पालटला. नागपूर-अमरावतीत असेल. आमच्या वाशिमकडच्या गावात असं पार्सल घेऊन अजून कोणी आलं नाही, तरी धंदा बदललाच.

काकांचं हॉटेल जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर. पहाटे आलूबोंडा, तर्री-पोहे, रात्री ट्रकवाल्यांसाठी वांग्याची भाजी-भाकर. २०२२च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला अन् रात्रीचं गिऱ्हाईक वरच्यावर निघून गेलं. त्या रस्त्यावर मधेच उतरायची सोय नाही ना! खाट टाकून बसलेला ढाबा तिथून दिसतो, पण गाडी वळवता येत नाही.

मग काकांनी रात्रीचा स्वयंपाक बंद केला. आता सकाळी भट्टी पेटते ती अकरापर्यंत. आचारी पुण्याला गेला, तिथं पगार जास्त. काकूच कढईवर उभी राहते, अन् खरं सांगायचं तर बोंडा आधीपेक्षा चांगला झालाय.

उधारीची वही मात्र सुटली नाही. गल्ल्यावर ‘दहा रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा डबा आहे, पण कापूस विकेपर्यंत निम्मं गाव वहीतच खातं. काका त्या डब्याचा आवाज बारीक करून ठेवतात. म्हणतात, ‘उधारीवाल्याले लाज वाटते ना बाप्पा, बाजूचा रोख देऊन गेला की.’