मदत हवी आहे: आईचं आतड्याचं ऑपरेशन, कमी छिद्रांचं करावं का?
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. आईला (वय ६८) मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, सिग्मॉइडमध्ये, कॅन्सरची गाठ निघाली आहे. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आली, एवढाच दिलासा.

सर्जन म्हणाले, दुर्बिणीने करू. नेहमी चार-पाच छिद्रं पाडतात. हे सर्जन बेंबीत एक मोठा पोर्ट (हत्यारं आत घालायची नळी) आणि उजवीकडे एक छोटा, एवढ्यावर करणार. गाठही बेंबीतूनच काढणार. रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी पेनाने पोट काढून दाखवलं. आई ते पाकीट उशाशी ठेवते आणि विचारते, "एवढ्याशा भोकातून सगळं निघेल ना रे?" मला उत्तर देता येत नाही.

व्रण लहान राहील हे खरं, पण मला व्रणाची पर्वा नाही. गाठीच्या दोन्ही बाजूंचं पुरेसं निरोगी आतडं निघायला हवं आणि कॅन्सर पसरलाय का ते तपासायला निदान १२ लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) मिळायला हव्यात. एकाच जागेतून घातलेली हत्यारं एकमेकांना अडतात, म्हणून हात बसलेला सर्जन लागतो.

बडोद्यात किंवा अहमदाबादला कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय का? मध्येच जास्त पोर्ट घालावे लागले का? शौचासाठी पोटावर पिशवी लावली होती का, किती दिवस? आणि "तुम्ही अशी किती केलीत?" हे डॉक्टरांना न दुखावता कसं विचारलंत? मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये एकदा रिपोर्ट दाखवावेत, असं मावशीचं म्हणणं आहे.

गुरुवारपर्यंत तारीख कळवायची आहे. रात्री कितीही उशिरा मेसेज केलात तरी चालेल, मी जागाच असतो.