'एक्स्टर्नॅलिटी'ला 'झळ' म्हणावं का?

अनुवादिका:
प्रदूषणाच्या अर्थशास्त्रावरची टिपणं मराठीत आणते आहे आणि 'एक्स्टर्नॅलिटी'पाशी अडले आहे. सहसा 'बाह्यता' किंवा 'बाह्य परिणाम' लिहितात. 'बाह्यता' वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. व्यवहार दोघांचा, पण त्यात नसलेल्या तिसऱ्यालाच भोगावं लागतं, हे मला एका शब्दात हवं आहे. 'झळ' कसा वाटतो? चूल एकीची, झळ शेजारणीला. महागाईची झळ, दुष्काळाची झळ आपण म्हणतोच.

दुसरी अडचण 'सोशल कॉस्ट'ची. 'सामाजिक खर्च' लिहिलं की वाचणाऱ्याला शाळा-दवाखान्यांवरचा सरकारी खर्च वाटतो. अर्थ पार भलतीकडे जातो.

मास्तर:
'झळ' मला फार आवडला, आणि तो विषयाच्या मुळाशी जातो. अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी 1920 मध्ये दिलेल्या उदाहरणांपैकी एक रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांचं आहे. ठिणग्यांनी रुळांलगतचं रान जळतं, नुकसान रानवाल्याचं होतं आणि रेल्वेच्या जमाखर्चात त्याचा पैसाही दिसत नाही. आपली 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण आठवा. 1960 मध्ये रोनाल्ड कोस यांनी याच ठिणग्या पुन्हा चर्चेत आणल्या. त्यांचं म्हणणं असं, की इंजिनाला मज्जाव केला तर नुकसान रेल्वेचं होतं, म्हणजे झळ दोन्ही बाजूंनी लागू शकते. कुणी किती सोसायची हा खरा प्रश्न. हे वाक्य 'बाह्यता' घालून लिहून पाहा, जमत नाही.

'सोशल कॉस्ट'मधला जो भाग इतरांवर पडतो, त्याच्यासाठी 'तोशीस' घ्या. झळ अंगाला जाणवते, तोशीस हिशेबात धरता येते. कारखान्याचा स्वतःचा खर्च अधिक इतरांना लागलेली तोशीस, मिळून समाजाला पडलेली किंमत, म्हणजेच 'सोशल कॉस्ट'. वाढीव उत्पादनामागे इतरांना जेवढी तोशीस लागते तेवढा कर लावावा, हे पिगूंच्या विचाराचं सार.

एक विनंती. या कराला कृपा करून 'दंड' म्हणू नका. वर्तमानपत्रांत हा घोळ नेहमी होतो. दंड नियम मोडल्याबद्दल असतो. पिगूंचा कर नियमात राहून सोडलेल्या धुरावरही लागतो. आपल्याकडे 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर आला आणि 2016 पर्यंत तो 400 वर गेला. कोळसा जाळणं काही गुन्हा नव्हता. 'दंड' म्हटलं की पैसे भरणारा गुन्हेगार ठरतो, आणि न भरणारा निर्दोष. दोन्ही चूक.

पाटकरी:
शब्द छान आहे, पण निम्माच. परिणाम चांगलाही असू शकतो. जेम्स मीड यांनी 1952 मध्ये सफरचंदाच्या बागा आणि मधमाश्यांचं उदाहरण दिलं होतं. बागाईतदाराच्या फुलांवर मधपाळाचा मध वाढतो, त्याला झळ कशी म्हणणार? मी 'पाझर' सुचवतो. बांध एका जागी घालतात आणि पाणी खालच्या विहिरींना लागतं. पाझर तलाव हा शब्द गावोगाव माहीत आहे. वाईट ती झळ, चांगला तो पाझर, आणि दोन्हींना मिळून हवं तर 'बाह्य परिणाम' राहू द्या.

मास्तर:
'पाझर'ला माझी हरकत आहे. श्रीमंतांची मिळकत वाढली की ती खाली झिरपते, या मताला मराठीत 'झिरपणं' आधीच चिकटलं आहे. विद्यार्थी दोन्ही एकच समजतील.

पाटकरी:
झिरपणं वरून खाली होतं, पाझर आडवाही जातो. शेतकऱ्याच्या पोराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मी मागे हटत नाही.

तापीकाठ:
मी सुरतला असतो. इथे आमचे खानदेशातले पुष्कळ लोक कापडधंद्यात आहेत. 2019 मध्ये इथे धुरातल्या कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला. सगळ्या कारखान्यांनी मिळून किती कण सोडायचे याला कमाल मर्यादा घातली, आणि ज्यानं कमी सोडले त्यानं उरलेला वाटा दुसऱ्याला विकायचा. अभ्यासात उत्सर्जन 20 ते 30 टक्के घटलेलं दिसलं. त्या वाट्याला 'प्रदूषणाचा परवाना' म्हणतात ते मला खुपतं. परवाना म्हटलं की मोकळीक वाटते. 'कोटा' म्हणा. कोटा मोजका असतो आणि संपतो, हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

अनुवादिका:
झळ, तोशीस, कोटा घेते. 'पाझर' पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडून लिहीन.

आता 'ग्रोथ'. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये दाखवलं, की दरडोई उत्पन्न वाढताना बरीच प्रदूषणं आधी चढतात आणि मग उतरतात. हा उतार आपोआप येत नाही, असंही बजावलं. इथे 'विकास' लिहिला तर वाक्य फसतं, कारण स्वच्छ हवा हा विकासाचाच भाग झाला. 'वृद्धी' पुस्तकी आहे, शिवाय आमच्या घरी वृद्धी म्हणजे बाळंतपणाचं सोयर. म्हणून मी सरळ 'उत्पन्नाची वाढ' लिहिलं आहे. कुणाला यात खटकतंय का?