गुऱ्हाळावरचे बारा फोटो झाले, पण त्यांची गोष्ट होत नाही

प्रश्न : नवशिकी_करवीर

मी कोल्हापुरात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘श्रम’ या विषयावर दहा ते बारा छायाचित्रांचा फोटो-निबंध करायचा होता, म्हणून मी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर तीन दिवस सकाळी सहापासून थांबले. जवळजवळ सहाशे फोटो काढले आणि त्यांतून बारा निवडले : उसाची गाडी, घाण्यात जाणारा ऊस, काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या पसरट कढईतला) रस, झाऱ्याने काढली जाणारी मळी, वाफ, वाफ्यात (निववायच्या उथळ हौदात) ओतलेला गूळ आणि शेवटी कापडात बांधलेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. सरांनी सगळे एकदा पाहिले आणि म्हणाले, “गूळ कसा होतो ते कळले, पण मी यांतल्या कुणालाच भेटलो नाही.”

त्यांचे म्हणणे मला पटते, पण नेमके काय बदलायचे ते उमगत नाही. मी माणसांचे फोटो काढलेच नाहीत असे नाही, पण कॅमेरा वर केला की गूळ शिजवणारे गुळवेकाका टोपी नीट करून ताठ उभे राहतात आणि “पेपरात येणार काय?” असे विचारतात, त्यामुळे ते सगळे फोटो ओळखपत्रासारखे आले आहेत. शिवाय डोळ्यांना पांढरीशुभ्र दिसणारी वाफ माझ्या फोटोंत राखेसारखी करडी दिसते. माझ्याकडे महाविद्यालयाचा जुना कॅमेरा आणि ५० मिमी, एफ १.८ ही एकच लेन्स आहे. दुसरी लेन्स मिळवावी का, असाही विचार मनात येतो.

उत्तर : जुना_वार्ताछायाचित्रकार

लेन्सचा विचार आधी सोडा, कारण अंधाऱ्या गुऱ्हाळघरात इतका उजेड आत घेणारी एफ १.८ लेन्स म्हणजे चैन आहे. वाफ करडी येते याचे कारण असे की, समोर काहीही असले तरी कॅमेऱ्याचा मीटर त्याला मध्यम करडे धरूनच प्रकाश मोजतो, आणि निम्मी चौकट वाफेने भरली की तो तिलाही करडी करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश हाताने कमी-जास्त करण्याची सोय) एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतके, वाढवावे. चुलवाणाच्या (काहिलीखालच्या भट्टीच्या) तोंडाशी मात्र नेमके उलटे होते : भोवतीचा काळोख बघून मीटर प्रकाश वाढवतो आणि जाळाचा नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून तिथे एक ते दोन स्टॉप कमी करावे. दाराचा उजेड वाफेच्या मागून येईल अशा जागी उभ्या राहिलात तर वाफेला आकार येतो. उजेड तुमच्या पाठीमागून असेल तर ती धुरकट भिंतीसारखी दिसते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा आणि जाळाचा तांबडेपणा नंतर ‘दुरुस्त’ करू नका. थंडीच्या पहाटे कॅमेरा एकदम वाफेत नेला तर काच धुरकटते. पंधरा-वीस मिनिटे तो पिशवीतच आत राहू द्या.

ताठ उभ्या राहणाऱ्या काकांबद्दल सांगायचे तर त्यांचा तो फोटो आधी मनापासून काढा आणि त्याची प्रत त्यांना नेऊन द्या. त्यांच्याकडून घेतल्याचे थोडे परत केल्याखेरीज माणसे सैल होत नाहीत, आणि तीन दिवस तसे थोडेच असतात. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे काम केले (त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली), ते पाहताना छायाचित्रकार तिथे पाहुणा म्हणून आलेला वाटत नाही. अमेरिकन छायाचित्रकार डब्ल्यू. यूजीन स्मिथ यांचा कोलोरॅडोतल्या खेड्यातील डॉक्टरवरचा फोटो-निबंध १९४८ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकन नियतकालिकात आला. त्यातला एक गाजलेला फोटो डॉक्टर हातात कप घेऊन स्वयंपाकघरात थकून उभा असल्याचा आहे. त्यात उपचार नाहीत, रुग्ण नाही, आणि तरी त्या माणसाची रात्र कशी गेली ते कळते. तुमच्या बारांत असा, कुणी काहीच करत नसलेला फोटो एकही नाही, हे मला यादी वाचूनच जाणवले.

उत्तर : गुऱ्हाळघरचा

मला फोटोतले फारसे कळत नाही, पण आमचे स्वतःचे गुऱ्हाळ होते, म्हणून लिहितो. तुमच्या यादीत चुलवाणात चिपाडे (रस काढून उरलेला वाळका ऊस) सारणारा माणूस कुठेच नाही! आमच्याकडे तो काहिलीच्या पलीकडच्या अंगाला, खाली खड्ड्यात बसायचा आणि त्याला रस कधी दिसतच नसे. गुळव्या वरून हाळी द्यायचा, “जाळ वाढव”, “हळू घे”, आणि अडीच-तीन तासांचे अख्खे आदण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, त्या हाळीवर चालायचे. शेवटी पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघत. त्या वेळी जाळ वेळेवर ओढला नाही तर गूळ करपतो, आणि घाई केली तर रवा धरत नाही, चिकट राहतो. ते मिनिटभर गुऱ्हाळावर कुणी बोलत नसे. आम्हा पोरांनाही गप्प बसवत, आणि काकवीसाठी वाटी घेऊन आलेला शेजारीसुद्धा दारातच थांबे.

उत्तर : सहाध्यायी_नाशिक

माझा द्राक्षबागेवरचा निबंध असाच फसला होता. सगळे फोटो संगणकावर चाळण्याऐवजी साठ-सत्तर स्वस्त प्रती छापून जमिनीवर पसरा. एकाच अंतरावरून काढलेले किती आहेत ते लगेच दिसते; माझे जवळपास सगळेच पाच-सहा फुटांवरून होते, ना हाताची नखे दिसत होती, ना अख्खी बाग. जो फोटो काढून टाकला तरी काही बिघडत नाही, तो काढून टाका, मग तो कितीही देखणा असो.

प्रश्नकर्तीचे उत्तर : नवशिकी_करवीर

आपणा सर्वांची आभारी आहे. काकांना त्यांच्या फोटोची प्रत दिली; ती त्यांनी देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली आणि नंतर माझ्याकडे पाहायचेच सोडून दिले. खड्ड्यातले मामा मला खरोखरच दिसले नव्हते, कारण मी तीनही दिवस वाफेच्या बाजूला उभी होते.

या खेपेला एक संपूर्ण आदण मी खालीच बसून काढले. दोघे एका चौकटीत मावत नाहीत, मधे भिंत आहे, म्हणून दोन फोटो शेजारी ठेवणार आहे : एकात काका पाण्याच्या बादलीवर वाकून, बोटांत गोळी धरून, मान खाली वळवून ओरडत आहेत, दुसऱ्यात मामांचा हात चिपाडांच्या मुठीसह चुलवाणापाशी अर्ध्यात थांबला आहे आणि मान वर आहे. मामांच्या मनगटावर पोळल्याचे जुने बारीक डाग आहेत, ते जाळाच्या उजेडात आपोआप आले. प्रती पसरल्यावर बारांतले सात गळले आणि नवे चार धरून आता नऊ फोटो झाले आहेत. उसाच्या गाडीचा फोटो नसल्याने काही बिघडत नाही, हे मला दिसते आहे. पण त्या पहाटेचे धुके इतके सुरेख आले आहे की तो अजून जमिनीवरून उचलवत नाही.