कठिन चीवर एकाच भंतेजींना देता येतं का?

प्रश्न: वर्षावास (बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला एकाच ठिकाणचा मुक्काम) संपत आलाय. आम्हाला कठिन चीवर, म्हणजे वर्षावासानंतर दान देतात ते भिक्खूंचं वस्त्र, ओळखीच्या भंतेजींनाच (भिक्खूंनाच) द्यायचंय. चालेल?

उत्तर १: नाही. ते कापड संघाला, म्हणजे तिथल्या सगळ्या भिक्खूंना मिळून द्यायचं. कुणाला मिळेल ते संघच ठरवतो, बहुधा ज्याचं चीवर जास्त विरलंय त्याला. किमान पाच भिक्खू लागतात. मुदत आश्विन पौर्णिमेपासून महिनाभर.

उत्तर २: मला तर त्यातली घाई आवडते. कापणं, शिवणं, रंगवणं सगळं एका दिवसात उरकायचं! रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडात बायका रात्रभर मागावर बसून पहाटेपर्यंत बुद्धमूर्तींसाठी चीवर विणतात. आयतं आणलेलंही चालतं म्हणा, पण एकत्र जागण्यातली गंमत त्यात कुठली?

प्रश्नकर्ता: मग भंतेजींना वेगळं साधं चीवर दिलं तर?

उत्तर १: खुशाल द्या, कधीही.