नुसत्या तापमानावर खापर नको
प्रयोगात ७० अंशाला बॅसिलस या जिवाणूचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) बंद पडलं म्हणजे त्याला उष्णता सोसतच नाही असं तुम्ही म्हणताय, पण इतक्यात निकाल नका लावू हो, आधी बफर (पीएच म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) कुठला होता ते बघा, ट्रिस नावाचा असेल तर दर अंशामागे पीएच साधारण ०.०३ ने उतरतो, म्हणजे २५ अंशाला ८ वर आणून ठेवलेला ७० ला पावणेसातच्या आसपास गेलेला असतो. आणि ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घातलं होतं का? या अमायलेजची घडी कॅल्शियम धरून ठेवतं, ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं आणि मग एन्झाइम बरंच आधी उलगडतं. तांबं, पारा असे धातू मिसळले असतील तर तेही प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या सल्फरला चिकटून बऱ्याच एन्झाइमांची वाट लावतात. थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून (फॉस्फेट बफर नको, कॅल्शियम खाली बसतं) आणि पीएच गरम असतानाच मोजून एकदा परत करून बघा ना.