मदत हवी आहे: कोकणच्या दमट हवेत जर्बिलांच्या जोडीसाठी टाकी कशी बांधावी?

नमस्कार,

माझ्या भाचीने पुण्यात पाळलेल्या दोन जर्बिल (उंदरासारखे दिसणारे लहान कुरतडे प्राणी) मार्चपासून आमच्याकडे आहेत. ती शिक्षणासाठी परदेशी गेली आणि या दोघी रत्नागिरीजवळच्या आमच्या चिरेबंदी, कौलारू घरात आल्या. दोघी एकाच वेतातल्या माद्या असल्यामुळे पिल्लांचा प्रश्न नाही. त्या अंगाला अंग लावून झोपतात, तेव्हा त्यांना वेगळे करण्याचाही विचार नाही. मला मदत हवी आहे ती त्यांना राहण्यासाठी करायच्या काचेच्या कायमच्या टाकीबाबत, आणि तीही मृग लागण्यापूर्वी.

हा प्राणी मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनमधल्या कोरड्या गवताळ माळांवरचा आहे. बीळ खणणे ही त्याची गरज आहे, म्हणून टाकीच्या तळाशी भुसा, गवत अशा खणता येईल अशा गोष्टींचा निदान २० ते २५ सेंटीमीटर खोल थर लागतो. आणि हवेतली आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या खाली असावी लागते. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माजघरात ठेवलेला आर्द्रतामापक आत्ता, मे महिन्यातही, ७० टक्के दाखवतो आणि परवाच्या वळिवानंतर तो ८४ वर गेला. थर जितका खोल, तितका ओलावा त्यात मुरतो आणि तळाशी अडकून राहतो. खोली आणि कोरडेपणा या दोन्ही गोष्टी एकाच टाकीत कशा साधाव्यात, हाच माझा मुख्य प्रश्न आहे.

पहिल्या प्रयत्नात माझ्या हातून चूक झाली, ती सांगून ठेवतो. येथे सहज मिळतो म्हणून मी काथ्याचा भुसा वापरला. त्याच्या दाबून केलेल्या विटा पाण्यात फुगवून तो भुसा चार दिवस अंगणात वाळवला आणि हाताला कोरडा लागला तेव्हाच भरला. तीन आठवड्यांनी काचेलगतच्या बोगद्यात, अगदी तळाशी, कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी दिसली. त्याच सुमारास दोघींतल्या एकीच्या पाठीवरचे केस तेलाचा हात फिरवल्यासारखे चिकट होऊन झुपक्यांनी उभे राहिले होते. सगळा थर काढून टाकल्यावर आणि लोळून अंग साफ करण्यासाठी कोरडी वाळू दिल्यावर ती सुधारली, पण ते पाहून मला फार अपराधी वाटले. (किनाऱ्यावरची वाळू वापरलेली नाही, तिच्यातले मीठ हवेतले पाणी ओढून घेते.)

आता सुके गवत, साधा फाडलेला पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा एकावर एक दाबून भरावा, म्हणजे बोगदे ढासळणार नाहीत, असा बेत आहे. देवदार आणि चीड यांचा उग्र वासाचा भुसा या प्राण्यांच्या श्वसनाला बाधतो, हे मला ठाऊक आहे. आमचा सुतार आंबा आणि फणस रंधतो. प्लायवुडचा किंवा पॉलिशचा अंश नसलेले त्याचे छिलके कोणी वापरून पाहिले आहेत का? भाताचा पेंढा मात्र मी टाळतो आहे, कारण पावसाळ्यात त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

टाकीचे माप ९० × ४५ × ४५ सेंटीमीटर ठरवले आहे. सगळीकडे २५ सेंटीमीटर थर घातला तर वर २० सेंटीमीटरच उरतात आणि २८ सेंटीमीटर व्यासाचे चाक बसत नाही. लहान चाकावर धावताना त्यांची पाठ वाकते, म्हणून त्यात तडजोड करायची नाही. त्याऐवजी मधे लाकडी फळी घालून एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला १० सेंटीमीटर थर ठेवावा, असा विचार आहे. चाक आणि वाळूचे जड भांडे फळकुटाच्या पायावर, थेट तळाशी टेकवून ठेवीन, कारण त्या खालून खणत गेल्या तर वरचे वजन अंगावर कोसळू शकते. फळी त्या कुरतडणारच. ती किती महिने टिकते, हे अनुभवातून कोणी सांगितले तर बरे होईल.

झाकण पूर्ण जाळीचे हवे, कारण काचेच्या झाकणाने आत दमटपणा साठतो आणि उघडी टाकी ठेवली तर त्या उडी मारून बाहेर पडतात. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे लोखंडी जाळी लवकर गंजते, म्हणून स्टेनलेस स्टीलचीच घेईन. घरात मांजर आहे आणि पावसाळ्यात धामण कौलांत शिरते. त्यामुळे छिद्रे बारीक आणि कड्या घट्ट असणे आवश्यक आहे.

उरतो तो हवेचा प्रश्न. वादळात आमच्याकडे वीज कधीकधी दोन दोन दिवस जाते, तेव्हा केवळ वातानुकूलन यंत्रावर भिस्त ठेवता येत नाही. आर्द्रता शोषणारे विजेचे यंत्र लहान खोलीत चालवून, वीज गेल्यावर दारे-खिडक्या बंद ठेवल्यास खोली किती तास कोरडी राहते? ओलावा शोषणाऱ्या रसायनांच्या पुड्या टाकीत ठेवायच्या नाहीत, कारण त्या दातांखाली येतील. किनारपट्टीवर जर्बिल पाळून ज्यांनी निदान एक पावसाळा काढला आहे, त्यांनी थराची खोली, तो बदलण्याचे अंतर आणि जुलैमधली खोलीतली आर्द्रता कळवावी. काच कापणारा येत्या सोमवारी माप घ्यायला येणार आहे.