यूजरफॉल्टएफडीच्या नव्या सोयी मराठीत कशा लिहाव्यात?

अमळनेरकर
लिनक्स कर्नलच्या यूजरफॉल्टएफडीवर (मेमरीच्या पानापाशी प्रोग्राम अडला की ते प्रोग्रामलाच सोडवू देणारी सोय) मराठीत टिपण लिहितोय. धुळ्याला शनिवारी दहा-बारा पोरं जमतात. सी पक्की आहे, पण मॅन पेज (लिनक्सचं इंग्रजी माहितीपान) उघडलं की अडतात. मिसिंग मोड लिहून झाला: पान मेमरीत नाही, थ्रेड (प्रोग्रामचा चालता धागा) थांबतो, हँडलरला (अशा थांब्यांकडे बघणाऱ्या भागाला) निरोप जातो, तो यूएफएफडीआयओ_कॉपीने पान भरतो, थ्रेड पुढे चालतो. घोडं अडलंय पुढच्या सोयींपाशी. राइट-प्रोटेक्ट (कर्नल आवृत्ती 5.7), मायनर (5.13), पॉइझन (6.6), मूव्ह (6.8). ओळीने लिहिलं की नुसती यादी होते. आणि 'फॉल्ट'ला 'दोष' म्हणू का?

भुसावळचा भाऊ
'दोष' नका लिहू, भाऊ. मी शिकताना तोच अर्थ धरला आणि दोन रात्री स्वतःच्या प्रोग्राममध्ये नसलेली चूक शोधत बसलो. फॉल्ट म्हणजे प्रोसेसरने कर्नलला मारलेली हाक. शब्द तसाच ठेवा.

प्रत्येक सोयीला एकच विचारा: थ्रेड कशापायी थांबला, आणि काय दिलं की सुटतो? मायनरमध्ये पान पेज कॅशमध्ये (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या पानांच्या साठ्यात) आलेलं असतं, फक्त या मॅपिंगच्या (पत्त्यांच्या पट्ट्याच्या) पेज टेबलात, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठलं पान याच्या तक्त्यात, त्याची नोंद नसते. पोतं गोडाऊनला उतरलंय, पावती फाडायची राहिलीय. म्हणून इथे कॉपी नाही. हँडलर दुसऱ्या मॅपिंगमधून मजकूर बघतो, लागला तर बदलतो, मग यूएफएफडीआयओ_कंटिन्यू. आधी हे ह्यूजटीएलबीएफएसपुरतं (मोठ्या पानांच्या फाइलसिस्टिमपुरतं) होतं, शेअर्ड मेमरीला 5.14 पासून मिळालं. तेही लिहा, नाहीतर पोरं 5.13 वर डोकं फोडतील.

राइट-प्रोटेक्टमध्ये पान वाचता येतं, लिहायला गेलं की थ्रेड थांबतो. स्नॅपशॉट (मेमरीची त्या क्षणाची प्रत) घेताना जुनं पान तेवढ्यात बाजूला काढता येतं. मूव्हमध्ये पान कॉपी न करता दुसऱ्या पत्त्यावर जातं. पॉइझन मात्र वेगळं: तिथे थ्रेडला पान मिळतच नाही, सिगबस (मेमरी वापरता येत नाही असा सिग्नल) मिळतो. व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या यंत्रावर हलवताना मूळ यंत्रावरचं पान खराब झालेलं असेल, तर नव्या ठिकाणीही ते खराबच दिसायला हवं. हे कारण आधी सांगा, नाव नंतर.

शिरपूर_सी
सोय आहे का हे विचारायची रीतही घाला. यूएफएफडीआयओ_एपीआयला फीचर्स शून्य देऊन विचारायचं, तो डिस्क्रिप्टर (यूजरफॉल्टएफडी उघडल्यावर मिळालेला क्रमांक) बंद करायचा, नवा उघडून त्यावर हव्या त्या सोयी मागायच्या. त्याच डिस्क्रिप्टरवर दुसऱ्यांदा मागितलं की ईइन्व्हल ('मागणी चुकीची' अशी एरर).

शिवाय 5.11 पासून साध्या यूजरला मुळात ईपर्म ('परवानगी नाही' अशी एरर) येतो. यूएफएफडी_यूजर_मोड_ओन्ली हा फ्लॅग दिला की पोरांच्या लॅपटॉपवर चालेल.

अमळनेरकर
ईपर्म! मागच्या शनिवारी चौघांना तोच आला आणि मी त्यांना सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावायला सांगितलं. ते आधी दुरुस्त करतो. मायनरचा परिच्छेद आता असा सुरू होतो: 'पान आलेलं आहे. थ्रेड थांबलाय तो नोंदीसाठी.'